तिसऱ्या फटक्यानंतर

फायटिंग गेमच्या ट्रेनिंग मोडमध्ये समोरच्या पुतळ्याला एकच जोरदार लाथ मारली की कोपऱ्यात ८०० हा माराचा आकडा उमटतो. तीच लाथ दहा फटक्यांच्या कॉम्बोच्या, म्हणजे मध्ये सुटका नसलेल्या सलग माऱ्याच्या, शेवटी बसवली, तर ८० उमटतात. लाथ तीच, आवाज तोच, पडद्याला बसणारा हादराही तोच. कॉम्बो लांबत जातो तसं प्रत्येक नव्या फटक्याचं मोल उतरत जातं. यालाच डॅमेज स्केलिंग म्हणतात. नव्या खेळाडूला ही आपल्या मेहनतीला लागलेली कात्री वाटते, कारण आठवडाभर बोटं झिजवून बसवलेल्या कॉम्बोचे शेवटचे चार फटके जवळजवळ फुकट गेलेले त्याला दिसतात. मला मात्र वाटतं, फायटिंग गेममध्ये दोन माणसं शेवटपर्यंत एकमेकांशी खेळत राहतात ती या कात्रीमुळेच.

१९९१ सालचा 'स्ट्रीट फायटर २' तयार होत होता तेव्हा कॉम्बो ही गोष्ट आराखड्यात नव्हतीच. गाडी फोडायच्या बोनस फेरीत चुका तपासताना नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं, की एका फटक्यामागोमाग दुसरा बसतो आणि त्यातून सुटका नसते. त्यासाठी वेळ इतकी नेमकी साधावी लागत होती, की हे फारसं कुणाला जमायचं नाही असं समजून ते तसंच राहू दिलं गेलं. लोकांना ते जमलं. मग एक उडी चुकली की चार-पाच फटके बसायचे, डोळ्यांपुढे तारे फिरत पात्र जागच्या जागी झुलायचं, तेवढ्यात दुसरा कॉम्बो यायचा आणि फेरी संपायची. एका चुकीची किंमत अख्खी फेरी असेल, तर पुढचा डाव खेळायची वेळच येत नाही. स्केलिंगने ती वेळ परत आणली.

'स्ट्रीट फायटर ४'ची शिडी सगळ्यात सोपी आहे, म्हणून हिशेबाला तीच घेऊ. पहिला आणि दुसरा फटका १०० टक्के, तिसरा ८०, चौथा ७०, पाचवा ६०, आणि असंच दहा-दहाने उतरत दहावा १० टक्के. सगळ्यात मोठी पायरी दुसऱ्या आणि तिसऱ्या फटक्याच्या मध्ये आहे. म्हणून कॉम्बोची कमाई पहिल्या दोन जागांवर कोण बसलं यावर ठरते. ८०० ची जोरदार लाथ आणि लगेच १००० चा स्पेशल, म्हणजे पात्राची खास चाल, दोन्ही पूर्ण भावाने, म्हणजे १८००. त्याऐवजी ३०० चे दोन जॅब, म्हणजे हलके झटपट ठोसे, आणि मग तोच स्पेशल, तर ३०० अधिक ३०० अधिक ८००, म्हणजे १४००. मध्ये तिसरा जॅब घुसवला, तर १५४०. एक फटका वाढला आणि जेमतेम १४० पदरात पडले. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये तर हलक्या फटक्याने सुरुवात केली की पुढच्या फटक्यांवर आणखी कपात बसते.

मग जॅबने सुरुवात करायचीच कशाला? फटका बसला की अडला, हे ओळखायला डोळ्यांना वेळ लागतो म्हणून. खेळ सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, या वेगाने चालतो. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद, म्हणजे १२ ते १५ फ्रेम लागतात. दोन जॅब खेळले की तेवढा अवधी मिळतो. एका लाथेत तो मिळेलच असं नाही. जॅबने सुरू झालेला कॉम्बो कमी मारतो, पण अडल्यावर धोक्याचा स्पेशल सोडायची चूक टळते. तेव्हा समोरच्याची चूक उघड दिसत असेल, म्हणजे त्याचा अपरकट हुकून तो हवेत असेल, तर जॅबला हात लावू नये. तिथे खात्री करून घ्यायचं काही उरलेलंच नसतं. हातात वळलेली सवय मात्र नेमकी त्याच क्षणी जॅब काढते आणि एका संधीमागे ३००-४०० वाया जातात. रिप्ले पाहताना ही एक गळती शोधली तरी पुष्कळ झालं.

सुपरचा हिशेब थोडा वेगळा. सुपर म्हणजे साठवलेलं मीटर खर्चून सोडायची सगळ्यात मोठी चाल. समजा ८०० आणि ६०० नंतर लगेच ४००० चा सुपर लावला. तिसऱ्या जागेचे ८० टक्के, म्हणजे ३२००, एकूण ४६००. आता मध्ये आणखी दोन फटके घातले, ६०० चा एक आणि १००० चा स्पेशल. ते ४८० आणि ७०० देतात, सुपर पाचव्या जागेवर जाऊन २४०० वर येतो आणि एकूण होतात ४९८०. दोन जादा फटके, त्यात हात चुकायच्या दोन जादा जागा, आणि फायदा ३८० चा. पण सुपरला बहुतेक खेळांत तळ असतो. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये तिसऱ्या पातळीचा सुपर निम्म्याच्या खाली उतरत नाही. दुसऱ्या पातळीचा ४० टक्क्यांवर थांबतो, पहिल्याचा ३० वर. त्यामुळे आधीच लांबलेल्या कॉम्बोच्या शेवटी, जिथे लाथेला २० टक्के भाव उरला आहे, तिथेही सुपर आपले २००० घेऊनच येतो. फेरी संपवायची असेल तर लांब कॉम्बोचं शेवटचं टोक सुपरसाठीच राखावं.

याच खेळात ड्राइव्ह नावाचं आणखी एक मीटर असतं, सहा भागांचं. कॉम्बोच्या मध्येच ड्राइव्ह रशने धावून गेलं, तर सहापैकी तीन ड्राइव्ह खर्च होतात आणि पुढच्या फटक्यांवर १५ टक्के कपात लागते. परफेक्ट पॅरीनंतरचा, म्हणजे येणारा फटका अचूक क्षणी परतवल्यानंतरचा, कॉम्बो निम्म्यावर येतो. पॅरीचा तो क्षण डोळे दिपवणारा असतो, पण त्यानंतर दिसेल ते मीटर ओतणारा खेळाडू अर्ध्या भावात सगळं विकून बसतो. तिथे साधा, बिनखर्चाचा कॉम्बो घ्यावा आणि समोरच्याला अशा ठिकाणी पाडावं की उठताना आपण त्याच्या अंगावर असू.

प्रत्येक खेळाने ही कात्री आपापल्या धारेची केली आहे. 'स्कलगर्ल्स'मध्ये पहिले तीन फटके पूर्ण, आणि मग प्रत्येक फटका आधीच्या ८७.५ टक्के, पंधरा-सोळाव्या फटक्याला तो २० टक्क्यांच्या तळाशी टेकतो. उतार सौम्य आहे आणि कॉम्बो लांब आहेत, म्हणून तिथे कॉम्बो मुद्दाम अर्ध्यात सोडून नव्याने हल्ला करायची, म्हणजे रिसेटची, कला बहरली. 'गिल्टी गियर स्ट्राइव्ह'मध्ये नुसतं ब्लॉक करत राहिलं की रिस्क गेज चढतो, आणि तो चढलेला असताना मार बसला तर स्केलिंगची कपात बोथट होते. कवचात बसून राहिलेल्याला पहिली चूक महाग पडते. त्याच मालिकेत गट्स नावाची आणखी एक गोष्ट आहे: प्राण खालावत जातात तसा मार कमी लागतो. त्यामुळे प्राणांच्या पट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो त्याहून जाड असतो. 'एवढ्याने मरायला हवा होता' असं वाटून सोडलेला कॉम्बो तिथे फार वेळा दगा देतो.

आता मुद्द्याचं. फटके उतरत्या भावाने विकले जात असतील, तर कमाईचा मार्ग एकच: पुन्हा पुन्हा पहिला फटका मिळवणं. पहिला फटका मिळतो तो समोरच्याचा अंदाज चुकवून. यालाच मिक्सअप म्हणतात. मिक्सअपबद्दल सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की 'रोज तेच करू नकोस, बदलत राहा'. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. किती बदलायचं, कोणत्या प्रमाणात, हे तो सांगत नाही. आणि सगळं मर्म त्या प्रमाणात आहे.

एकच प्रसंग जवळून पाहू. समोरचा उठतो आहे, तुम्ही त्याला चिकटून उभे. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक थ्रो, म्हणजे पकडून फेकणं, मार १२००. दुसरी शिमी: पकडायला आल्यासारखं जवळ जायचं आणि ऐनवेळी अर्धं पाऊल मागे सरकायचं. त्याने पकड सोडवण्यासाठी, म्हणजे टेक करण्यासाठी, बटणं दाबली असतील, तर त्याचे हात हवेत मिटतात आणि तुमची जोरदार लाथ पूर्ण भावाने बसते. कॉम्बो धरून समजा ३०००. त्याच्याही हातात दोन गोष्टी: टेक, किंवा शांतपणे ब्लॉक. ब्लॉकवर थ्रो लागतो, शिमीतून काही मिळत नाही. टेकवर थ्रो सुटतो, शिमी ३००० देते.

शिमी अडीचपट मारते, म्हणून ती जास्त वेळा करावी असं कुणालाही वाटेल. हिशेब उलट निघतो. तुमचं प्रमाण असं हवं, की त्याने काहीही निवडलं तरी त्याचं नुकसान सारखंच व्हावं. सातपैकी पाच वेळा थ्रो आणि दोन वेळा शिमी केलीत, तर तो नुसता ब्लॉक करत राहिला तरी सरासरी ८५७ जातात, आणि नुसता टेक करत राहिला तरी ८५७ च. कमी मारणारी चाल जास्त वेळा, जास्त मारणारी कमी वेळा. शिमीची भीतीच इतकी मोठी आहे, की ती क्वचित दिसली तरी आपलं काम करते. बचावाचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो: सातपैकी फक्त दोन वेळा टेक, बाकी पाच वेळा ब्लॉक. म्हणजे चांगला बचाव करणारा पुष्कळ वेळा फेकला जातो, आणि ते बरोबरच आहे. थ्रो बसला की जीव खालीवर होतो, अपमान झाल्यासारखं वाटतं, आणि त्या रागात पुढच्या तिन्ही वेळा टेक दाबला जातो. ३००० ची शिमी नेमकी तिथे वाट पाहत असते.

'टेकेन'मध्येही याच घडणीचा पेच आहे. उभ्याने ब्लॉक केलं तर खालची लाथ लागते, बसून केलं तर मधला लाँचर, म्हणजे हवेत उडवणारा फटका, लागतो. खालची लाथ २० ची आणि लाँचर कॉम्बोसकट ६० चा धरला, तर बचावाने चारपैकी एकदाच बसावं. खालची लाथ अडवल्यावर उलट ६० चा कॉम्बो मिळत असेल, तर सातांतून एकदा बसलं तरी भागतं, आणि मारणाऱ्यालाही ती लाथ चारपैकी तीनऐवजी सातांत तीनदाच परवडते. मुरलेले खेळाडू लहान लाथा खात निवांत उभे राहतात, त्यामागे हा हिशेब आहे.

कोपऱ्यात मात्र आकडे पालटतात. मैदानाच्या मधोमध थ्रो बसला की दोघे लांब होतात. कोपऱ्यात फेकल्यावर, पात्र आणि वेळ जुळली, तर समोरचा पुन्हा तुमच्या पुढ्यातच उठतो. मग थ्रोची किंमत १२०० अधिक 'हाच डाव पुन्हा खेळायचा हक्क'. शिमीच्या कॉम्बोनंतर डाव मोडतो असं धरलं आणि समोरच्याची प्राणांची पट्टी पुरेशी भरलेली असली, तर त्या डावाची सरासरी ८५७ वरून साधारण १३९० वर जाते. बचावाचं टेकचं प्रमाणही २९ टक्क्यांवरून ४६ च्या आसपास चढतं. मधोमध सहन करायचा थ्रो कोपऱ्यात सहन करायचा नसतो. पुष्कळ जण दोन्ही ठिकाणी एकाच सवयीने बचाव करतात आणि कोपऱ्यात का मरतो हे त्यांना उमगत नाही.

रिसेटचा निर्णयही याच आकड्यांत दडलेला आहे. समजा कॉम्बोचे तीन फटके बसले, चौथ्या जागेवर १००० चा स्पेशल उरला आहे. तो ७० टक्क्यांनी ७०० देईल, हमखास. तो सोडून तिथेच थांबलात आणि नव्याने थ्रो-शिमीचा डाव मांडलात, तर मधोमध सरासरी ८५७. दिसायला जास्त, पण त्यात समोरच्याच्या रिव्हर्सलचा धोका आहे. उठता उठता अभेद्य अपरकट सोडायला 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे ड्राइव्ह खर्चून वाढवलेल्या चालीचे, दोन ड्राइव्ह पुरतात. ते त्याच्याकडे असतील, तर १५७ च्या फरकासाठी हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, ७०० घ्यावेत. त्याची ड्राइव्ह संपली आहे, तो बर्नआउटमध्ये आहे आणि सुपरही नाही, अशा वेळी पारडं रिसेटकडे झुकतं. कोपऱ्यात असाल तर आणखीच. शिडीच्या आठव्या जागेवर, जिथे तोच स्पेशल ३०० देतो, तिथे रिसेट करायला धाडसही लागत नाही.

इथवर 'काय' बदलायचं ते झालं. 'कधी' बदलायचं हे त्याहून अवघड, आणि खरे सामने तिथेच फिरतात. कारण शहाणा बचाव दोन पर्यायांमधून निवडतच नाही. तो दोन्ही एकामागोमाग करतो. उठताना आधी ब्लॉक धरायचं आणि काही फ्रेम उशिरा टेक दाबायचा. मीटी फटका, म्हणजे उठताक्षणी अंगावर येणारा फटका, असेल तर तो आधीच ब्लॉक होतो. थ्रो असेल तर टेक वेळेत पोहोचतो. थ्रो सुरू व्हायला ५ फ्रेम लागतात आणि त्यानंतरही सुटकेला थोडा अवधी असतो, म्हणून हा उशीर खपतो. याला डिले टेक म्हणतात. तुम्ही थ्रो आणि मीटी कितीही आलटून पालटून करा, दोन्ही ठरलेल्या क्षणीच येत असतील तर हा एकच बचाव दोघांना गिळतो.

त्याला तोडायला फटकाच उशिरा यावा लागतो. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये सगळ्यात जलद जॅब ४ फ्रेमचा असतो, म्हणजे बटण दाबल्यावर तेवढ्यात तो लागतो. ब्लॉकवर तुम्हाला २ फ्रेमचा फायदा मिळाला, म्हणजे तुम्ही त्याच्या २ फ्रेम आधी मोकळे झालात, आणि तुम्ही ५ फ्रेमचा फटका काढलात, तर त्याच्या जॅबच्या आधी तुमचा लागतो. फायदा १ फ्रेमचा असेल तर दोघांचेही एकाच वेळी लागतात. ३ चा असेल तर ६ फ्रेमचा फटकाही जिंकतो. ही झाली फ्रेम ट्रॅपची, म्हणजे दोन फटक्यांमधल्या फटीत बटण दाबणाऱ्याला पकडायच्या सापळ्याची, घट्ट बाजू. डिले टेक पकडायला तोच फटका आणखी दोन-तीन फ्रेम रेंगाळून सोडायचा, म्हणजे त्याचा टेक नेमका त्या फटीत सापडतो. पण ज्या फटीत त्याचा टेक सापडतो, त्याच फटीत त्याचा जॅबही बसू शकतो. म्हणून आधी घट्ट ट्रॅपने त्याचा जॅब गप्प करायचा आणि मगच रेंगाळायचं. क्रम उलटला की मार आपल्यालाच बसतो.

शिमी बिघडते ती जवळजवळ नेहमी पावलाने. मागे फार सरकलात तर टेक हुकतो खरा, पण तुमची लाथ पोहोचत नाही. पुढे पुरेसं गेलाच नाहीत तर त्याला थ्रोची भीती वाटत नाही आणि तो टेक दाबतच नाही. ट्रेनिंग मोडमध्ये पुतळ्याच्या उठण्यावर तीन हालचाली नोंदवाव्यात: नुसता ब्लॉक, डिले टेक आणि जॅब, आणि यादृच्छिक क्रमाने चालवाव्यात. पन्नास वेळा खेळून फक्त एवढं मोजावं, की डिले टेकवर लाथ किती वेळा पूर्ण बसली. ब्लॉकवर चुकून लाथ सुटली तर तीही मोजावी. ती चूक सामन्यात सुपर खायला लावते.

आता तो सातपैकी पाचचा हिशेब प्रत्यक्ष पाळायचा कसा? माणसाला बेभरवशाचं वागता येत नाही. दोनदा थ्रो झाला की तिसऱ्यांदा 'आता बदलायला हवं' असं हाताला वाटतंच, आणि समोरच्यालाही तेच वाटतं. एक साधी युक्ती आहे: घड्याळ. पडद्यावर वरती ९९ पासून उतरणाऱ्या आकड्यात त्या क्षणी एकं स्थानी जो अंक असेल तो पाहायचा. ० ते ६ असेल तर थ्रो, ७ ते ९ असेल तर शिमी. हे ७० टक्के झाले, ७१ च्या अगदी जवळ. पाडल्यावर समोरचा उठेपर्यंत नजर टाकायला पुरेसा वेळ असतो. अनोळखी खेळाडूविरुद्ध पहिली फेरी अशीच खेळावी आणि तोवर त्याच्या सवयी टिपाव्यात. पहिल्यांदा पडल्यावर त्याने काय केलं, आणि थ्रो खाल्ल्यावर लगेच पुढच्या वेळी काय केलं, या दोन नोंदी पुरतात. तो थ्रोनंतर दर वेळी टेक करतो असं दिसलं, की घड्याळ सोडायचं आणि शिमी करायची. त्याने सवय बदलली की परत घड्याळाकडे. त्याने उठल्या उठल्या उडी मारायला सुरुवात केली, तर थ्रो आणि शिमी दोन्ही हुकतात आणि वरून पूर्ण कॉम्बो येतो. अशा वेळी हे दोन पर्याय बाजूला ठेवून उडीला पकडणारा मीटी फटका दाखवावाच लागतो. तो एकदा बसला की पाय जमिनीवर येतात.

राहिली शेवटच्या पट्टीची गोष्ट. समोरच्याचे प्राण १२०० च्या खाली आले, की थ्रो फेरी संपवतो आणि शिमीही संपवते. ३००० तले उरलेले १८०० कुणाच्याच कामाचे नसतात. दोन्ही चालींचं मोल सारखं झालं, म्हणून प्रमाणही सारखं: अर्धे थ्रो, अर्ध्या शिमी, घड्याळावर ० ते ४ आणि ५ ते ९. बचावाचा टेकही २९ टक्क्यांवरून ५० वर यायला हवा. फेरीभर शांतपणे थ्रो सोसणारा खेळाडू इथेही तसाच बसून राहतो, कारण तोवर त्या सवयीने त्याला जगवलेलं असतं. प्राण ११०० वर, पाठ कोपऱ्याला, घड्याळात ३३. एकं स्थानी ३ आहे. थ्रो.